ड्रिलशेजारी टांगलेला उजवा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना उजवा हातमोजा आहे. चामड्याचा, वेल्डिंगचा, मनगटाच्या वर चांगली वीतभर बाही असलेला. माझे अंगठ्याशेजारचे बोट मुळापासून पिळवटून तुटले आहे, तळव्यावर ठिणग्यांचे काळे डाग आहेत, आणि स्वभाव म्हणाल तर मी पहिल्यापासून जळका. दुसऱ्याचे बरे झालेले मला कधी बघवले नाही. मी कोणाकोणावर जळलो आणि त्यातून शेवटी काय निघाले, ते तुम्हाला सांगतो.

एका लांबलचक शेडमध्ये शिवणयंत्रांच्या रांगा होत्या. तिथे चष्मा लावलेल्या एका बाईंनी चामड्याचे तुकडे जुळवले, आत मऊ सुती अस्तर घातले आणि आगीला दाद न देणाऱ्या जाड दोऱ्याने मला शिवले. ठिणगीने दोरा जळू नये म्हणून शिलाई आतल्या बाजूला घेतली. माझ्या पाठोपाठ माझा जुळा भाऊ, डावा, शिवून झाला. बाईंनी आम्हा दोघांना एकत्र बांधले आणि डाव्याला वर ठेवले. त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा दुखले.

पुढे आम्ही एका दुकानात टांगलेले होतो. एके दिवशी तिथे एक बाई आली. ती वेल्डर होती. तिच्या कामावर सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिने एकेक जोडी हातात घालून पाहायला सुरुवात केली, तसा दुकानदार कंटाळला.

"अहो, कुठलेही घ्या. हातमोजे ते हातमोजे!"

"चप्पल पायात घालून बघता ना?" ताई म्हणाली. "मग मोजा हातात घालून नको बघायला?"

मग तिने मला घातले. मूठ वळली, उघडली, काउंटरवरचा एक बारीक नट चिमटीत उचलून पाहिला. इथवर मी खूश होतो. पण मग तिने हात जोरात खाली झटकला आणि मी सरळ जाऊन दुकानदाराच्या छातीवर आपटलो. "हं, झटकला की निघतो," ती समाधानाने म्हणाली. "आत ठिणगी शिरली तर ओढत बसायला वेळ नसतो." असा मी निवडला गेलो, पण थोडा सैल म्हणून निवडला गेलो, हे मला लागले. घट्ट बसणाऱ्या मोज्यांचा मला तेव्हापासून हेवा वाटू लागला.

वर्कशॉप ताईच्या मोठ्या भावाचे होते. लोखंडी फाटके, जिने, कठडे असे सगळे तिथे बनायचे. भावाला सगळे दादा म्हणत. तो काचेच्या केबिनमध्ये बसून गिऱ्हाइके सांभाळायचा. वहिनी दुपारपाळीला कामावर असायची, म्हणून त्याची लेक छकुली शाळेतून थेट वर्कशॉपमध्ये यायची. येताना तिच्या वेण्या सुटलेल्या असत. मग दादा सगळी कामे बाजूला ठेवून तिचे केस विंचरायचा, वेणी घालायचा आणि रिबिनीचे इतके सुंदर फूल बांधायचा की खुद्द ताईलाही तसे जमत नसे. मला त्या रिबिनीचाही हेवा वाटायचा. एवढ्या निगुतीने मला कधी कोणी हाताळले नव्हते.

माझ्या कामाचे दिवस मात्र भरभराटीचे होते. ताई चेहऱ्यावर मुखवटा ओढायची, मला घालायची आणि निळा-पांढरा लखलखाट सुरू व्हायचा. ठिणग्यांचा सडा माझ्यावर पडायचा. मी चटके सोसायचो, पण तिच्या हाताला धग लागू देत नव्हतो. कोणी कौतुक केले तर ती मला वर करून म्हणायची, "माझा उजवा हात आहे हा!" हे वाक्य मी डाव्याला इतक्या वेळा ऐकवले की तो बिचारा माझ्याशी बोलेनासा झाला.

पण मित्रांनो, खुंटी माझी एकट्याची नव्हती. शेजारच्या खुंट्यांवर सवती टांगलेल्या होत्या! गंज काढायला लोखंड अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवायचे असले की ताई मला काढून ठेवायची आणि लांब हिरवे रबरी मोजे घ्यायची. घालण्याआधी त्यांच्यात फुंकर मारायची, तोंड पिळून बंद करायची आणि कुठून हवा सुटते का ते कानाशी धरून ऐकायची. मला कधी कोणी कानाशी धरले होते? एकदा दादाने तिला विचारले, "चामड्याचे जाड आहेत की. तेच का नाही घालत?" ती म्हणाली, "चामडं अ‍ॅसिड पितं दादा, आणि प्यायलेलं हाताला पाजतं." भर वर्कशॉपमध्ये माझी अब्रू गेली.

पत्र्याच्या धारदार कडा उचलायच्या तर करड्या विणीचे बारीक मोजे. ते सुरीलाही दाद देत नाहीत म्हणे. रंगाला आणि थिनरला निळे पातळ मोजे. त्यांचे आयुष्य एका दिवसाचे, संध्याकाळी कचऱ्यात जायचे, तरी त्यांना बोटाबोटावर कसे चापूनचोपून बसवले जायचे! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकाच हाताला इतके मोजे लागतातच कशाला? एक मी आहे ना?

तरीही ह्या सगळ्यांना मी माफ केले असते. माफ करता आले नाही ते ड्रिल मशीनला. लोखंडाला भोके पाडणारे ते उंच, हिरवट, गुरगुरणारे धूड. त्याच्यापाशी जाताना ताई मला काढायची आणि दुसरे काहीच घालायची नाही! बाह्या वर सारायची, केस टोपीत कोंबायची, लोखंडी पट्टी शिकंज्यात घट्ट आवळायची आणि उघड्या हातांनी दांडा ओढायची. फिरणाऱ्या टोकाभोवती लोखंडाचा धारदार कीस जमला की मशीन थांबवून ब्रशने झाडायची. मी खुंटीवरून बघत राहायचो. जो हात मी जिवापाड जपला, तो या धटिंगणापुढे उघडा कसा? एकदा, फक्त एकदा मला तिथे नेले पाहिजे, एवढीच माझी इच्छा होती.

ती इच्छा एका भलत्याच वाटेने पुरी झाली. आमच्या पेंटरने घाईघाईत उघड्या हातांनी पत्रा उचलला आणि त्याचा तळवा फाटला. करडे मोजे त्याच्या डोक्याशीच टांगलेले होते. रक्त पाहून दादा पांढराफटक पडला. माणूस मनाने चांगला, पण घाबरला की एका टोकाला जाणारा. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसे त्याने दुसऱ्याच दिवशी एक मोठी पाटी करायला घेतली. ती रंगवली त्याच पेंटरने, पट्टी बांधलेल्या हाताने, शिव्या घालत. पाटीवर लिहिले होते : 'हातमोजे घातल्याशिवाय कोणत्याही मशीनला हात लावायचा नाही.'

पाटी वाचून मी खुंटीवर नाचायचाच बाकी होतो. ताई मात्र तडक केबिनमध्ये गेली. तिने दार उघडेच ठेवले, त्यामुळे सगळे ऐकू आले.

"दादा, ड्रिलला मोजे चालत नाहीत. फिरणारं टोक मोजा पकडतं आणि मग हातासकट ओढतं. ती ओळ बदल."

"प्रत्येक मशीनला वेगळा नियम केला की कुणी एकही पाळत नाही. सगळ्यांना एकच."

"मग मला त्या ड्रिलवर पाठवू नकोस."

"नको जाऊस. मी बघतो ड्रिलचं. नियम माझा आहे, तर सुरुवातही माझ्यापासून."

ताई पाय आपटत बाहेर आली. मला तिचा राग आला. इतक्या वर्षांनी माझा दिवस उगवत होता आणि हीच आडवी येत होती.

दुपारी एका कठड्याच्या पट्ट्यांना भोके पाडायची होती. दादा केबिनमधून आला आणि त्याने खुंटीवरून आम्हा दोघा भावांना उचलले. मी त्याच्याही हाताला सैलच होतो, पण मला कशाची पर्वा! मशीन गुरगुरू लागले. मी पहिल्यांदा त्याला इतक्या जवळून पाहिले. आता बघ, मी म्हटले, माझ्यासारखा रक्षणकर्ता असल्यावर हात कसा शोभतो.

पहिले भोक नीट पडले. दुसऱ्या वेळी टोकाभोवती किसाचे वेटोळे जमले. आता नीट ऐका मित्रांनो. हात उघडा असता, तर दादा त्या किसाला शिवलाही नसता. त्याने मशीन थांबवले असते, ब्रश घेतला असता. उघडा हात भितो, आणि ती भीतीच त्याला जपते. पण हात माझ्या आत होता. जाड चामडे होते. दादाने बेधडक हात पुढे केला आणि फिरत्या टोकावरचा कीस ओढायला गेला.

टोकाने माझे बोट धरले.

मी गरकन फिरलो. चामडे पिळले गेले आणि माझ्याबरोबर दादाचे बोटही पिळले जाऊ लागले. मी सोडू म्हणत होतो, पण चामड्याला सोडता येत नाही. ज्या जाडीचा मला गर्व होता, तिनेच मला फाटू दिले नाही. दादा ओरडला.

नेमक्या त्याच वेळी ताईने वेल्डिंगसाठी खुंटीकडे हात नेला होता. खुंटी रिकामी दिसली आणि ती काय ते समजली. वाटेतले स्टूल लाथाडत ती धावली आणि लाल बटणावर तिने अख्खा तळहात आपटला. मशीन थांबता थांबता आणखी एक वेढा बसला. त्या वेढ्यात मी सैल होतो म्हणून दादाचा हात माझ्यातून सुटला आणि मी एकटाच टोकाला गुंडाळला गेलो.

सगळे दादाला घेऊन गेले. मी तिथेच लटकत राहिलो. त्याच्या बोटाचे काय झाले, हे मला कोणी सांगेना.

संध्याकाळी ताई परत आली. तिने मला हळूहळू उलगडून काढले; पिळवटलेले माझे बोट मात्र मुळापासून तुटून टोकालाच राहिले. "मोडलंय," ती कोणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, "पण राहिलंय. सैल होतास रे बाबा, म्हणून राहिलं." आणि एवढी खंबीर बाई मला तोंडाशी धरून रडली. ज्या सैलपणाची मी जन्मभर लाज बाळगली, त्याच्यावर तिचे अश्रू पडत होते.

पुढचे काही आठवडे दादाचे बोट प्लास्टरमध्ये होते. छकुलीच्या वेण्या ताई घालायची. "आत्या, तू फार घट्ट ओढतेस," पोरगी कुरकुरायची. "बाबाच छान घालतो." दादा ऐकायचा आणि प्लास्टरकडे बघत बसायचा.

प्लास्टर निघाल्यावर त्याने स्वतः शिडी लावून ती पाटी उतरवली. मग प्रत्येक कामाच्या जागी त्या त्या कामाचा मोजा टांगला : अ‍ॅसिडपाशी हिरवे, पत्र्यांपाशी करडे, रंगापाशी निळे. ड्रिलपाशी काय टांगणार? तिथे त्याने खिळा ठोकला आणि मला टांगले. ताई म्हणाली, "दादा, हा कशाला? फाटका आहे." दादा म्हणाला, "म्हणूनच."

ताईने नवी जोडी आणली. माझा डावा भाऊ धडधाकट होता, म्हणून तिने नवा डावा राखून ठेवला आणि नवा उजवा माझ्या भावाशेजारी टांगला. आता ते दोघे दिवसभर एकत्र ठिणग्या झेलतात. खोटे कशाला सांगू, मी जळतो.

पण ड्रिलवर येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघतो, माझ्या नसलेल्या बोटाकडे बघतो आणि मग आपले मोजे काढून बाजूला ठेवतो. माझ्याकडे बघून मोजे उतरवले जातात, असा मान दुसऱ्या कुठल्या मोज्याला मिळाला असेल? मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, हरतऱ्हेची कामे कराल. मोजा हातात चढवण्याआधी त्याला विचारा, बाबा, तू याच कामाचा आहेस का? त्याला भोक नाही ना, तो मापाचा आहे ना, हे तपासा. आणि कधी कधी 'इथे कोणताच मोजा नको' हेच खरे उत्तर असते, तेही ऐकून घ्या. जाड आहे म्हणून माझ्यासारख्यावर भरवसा टाकू नका.

रोज दुपारी छकुली येते. दादा आता तिला माझ्या खिळ्याखालच्या स्टुलावर बसवतो. त्याचे ते बोट वाकत नाही, वेणी थोडी तिरकी होते आणि रिबिनीचे फूल एका बाजूला कलते. त्या रिबिनीचा मला अजूनही हेवा वाटतो. पण ती बांधणारी बोटे मी रोज मोजतो. पाचच्या पाच भरतात, आणि मग मी गप्प राहतो.