बसथांब्यावरचा दोब्री

चौथी टाचणी वाकली, तशी मेतोदीने ती दातात धरून सरळ केली आणि कागदाच्या चौथ्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बसवली. मग दोन पावलं मागे सरून मान तिरकी केली.

बसथांब्याच्या फळीवर शेजारचा दोब्री झळकत होता. कृष्णधवल, कानशिलावर दुपारचं ऊन, नजर कुठेतरी बाजूला. खाली मेतोदीच्या हातच्या दोन ओळी: 'हा चेहरा आता उजेडाचा झाला. काळ इथे थांबला.' या दोन ओळींसाठी त्याने आठवडाभर डोकं खाजवलं होतं.

बस चालवायची नोकरी सुटल्यापासून चार वर्षं तो रोज एक फोटो आणि कलेवरचा एक विचार गावाच्या फोनवरच्या गटात टाकत असे. गाव वाचत नसे असं नाही. धुक्यातल्या झाडाखाली त्याने लिहिलं, 'रिकामी जागा हीच खरी चौकट', तर त्सोन्का आजीने विचारलं, झाडाला चुना कधी लावणार? जुन्या दाराच्या फोटोवर सोळा जणांनी बिजागरी कुठे स्वस्त मिळते ते कळवलं. शेवटी मेतोदीने ठरवलं, फोनवर माणसं अंगठ्याने बघतात. कागदावर डोळ्यांनी बघतील. सगळं गाव नको. एकाने नीट बघितलं तरी पुरे.

आता, या ब्र्यास्तोवो गावात माणूस गेला की त्याचा फोटो आणि खाली चार ओळी असा कागद फाटकावर, खांबावर, थांब्यावर लागतो. चाळीस दिवसांनी पुन्हा लागतो, वर्षाने पुन्हा. गावात हिंडताना जित्यांपेक्षा गेलेल्यांना नमस्कार जास्त घडतात. मेतोदी इथेच जन्मला, आईबापांचे कागद त्याने स्वतःच्या हाताने चिकटवले. पण कलेचं वारं अंगात शिरलं की माणसाला स्वतःचं गाव आठवत नाही, त्याला कोण काय करणार.

नऊला कागद लागला. साडेनऊला चर्चची घंटा वाजली, कुणी गेलं की वाजते तशी. आणि दोब्रीचा कोंबडा त्या दिवशी दिवसभर आरवला नाही, असं लोक अजून शपथेवर सांगतात.

कुणी बघतंय का ते बघायला मेतोदी दहाला परतला, तर फळीखाली गेलेल्याच्या नावाने ठेवतात ते, साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांचे तीन वाडगे, आणि काळ्या रुमालातली त्सोन्का आजी डोळे पुसत उभी.

"बघा आजी, नीट बघा," तो खुशीत म्हणाला. "काय दिसतं?"

"काय दिसायचंय बाबा. काल माझ्याकडून टोमॅटो घेऊन गेला. कसा रे गेला?"

"कोण?"

"दोब्री, आणखी कोण. काळजाचं होतं का?"

"आजी, हे चित्र आहे. कलेचं."

"असेल. पण तारखा कुठायत? जन्माची, गेल्याची? घाईत उरकलंस मेल्या."

"दोब्री जिवंत आहे."

"पहिल्या दिवशी सगळ्यांना तसंच वाटतं," आजीने त्याच्या पाठीवर थोपटलं.

तेवढ्यात पावाची पिशवी घेऊन खुद्द दोब्री आला. आजीने छातीवर क्रूस काढला, मग त्याच्या दंडाला चिमटा घेतला, आणि गावात सांगायला निघाली. दोब्रीने कागद वाचला, एका वाडग्यातले चमचाभर गहू खाल्ले. "साखर कमी पडलीय," म्हणाला.

मेतोदी टाचण्या उपटायला धावला. दोब्रीने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"अरे, माझ्या चित्राचा तेरावा घातलाय गावाने!"

"राहू दे म्हणतो ना. आजीलाही गप्प बसवतो. कुन्चो अजून आला नाही."

कुन्चो हा त्याचा थोरला भाऊ. दोघांच्या अंगणांमध्ये एकच भिंत, भिंतीत एक अक्रोडाचं झाड, आणि त्या झाडापायी एकोणीस वर्षं अबोला. दोब्रीने आजीला गाठून तोंड बंद ठेवायची शपथ घातली आणि समोरच्या दुकानात शिरून शेवयांच्या फडताळामागे स्टूल टाकून बसला.

मेतोदी बाकावर चडफडत राहिला. लोक येत, कागदाला हात लावत, 'सोन्यासारखा माणूस' म्हणत. ज्याने जन्मात कुणाला शिडी उसनी दिली नाही, तो दुपारपर्यंत सोन्याचा झाला. चित्रातल्या उन्हाकडे एकाचंही लक्ष गेलं नाही.

दोनच्या सुमारास कुन्चो आला. इस्त्रीचा कोट, हातात दोन फुलं; गेलेल्याला फुलं जोडीनेच द्यायची, जित्याला एकेरी, हे तिथे पोरालाही कळतं. त्याने फुलं ठेवली नाहीत. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि नाक कागदाला टेकेल इतका वाकला. बस आली, दार उघडून थांबली, निघून गेली. तो तसाच.

"कुणी काढला?"

"मी."

"हा ऐकतोय."

"काय?"

"कान बघ की. बाप हाक मारायचा तेव्हा असाच टवकारायचा. कुणाचं ऐकतोय?"

मेतोदीने स्वतःच्या चित्राकडे पाहिलं. आठवडाभर त्याने तिथे ऊन पाहिलं होतं. कान पाहिला नव्हता.

"तुझंच, कुन्चोदादा," तो सावकाश म्हणाला. "भिंतीपलीकडे तू गाढवाला शिव्या घालत होतास. मी म्हटलं, इकडे बघ. तर म्हणाला, थांब, त्याचं संपू दे."

कुन्चोने चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"दादा, तो गेलेला नाही. दुकानात बसलाय. सकाळपासून तुझी वाट बघतोय."

कुन्चो रागावला नाही, हसला नाही. हातातल्या फुलांकडे त्याने जरा वेळ पाहिलं. मग त्यातलं एक काढून मेतोदीच्या हातात दिलं, आणि दुसरं घेऊन, इकडेतिकडे न बघता, रस्ता ओलांडून गेला.

त्सोन्का आजी रिकामा वाडगा न्यायला आली होती.

"एकच फूल? लोकांना मेला म्हणून सांगितलंस ना? मग दोन तरी आणायचीस."

"हे त्याचं नाही," मेतोदी म्हणाला. "माझं आहे."