सात नायक आणि एक नावाडी

मित्रांनो, रंग पिवळा पडलेला आणि कडेला उसवलेला मी एक जुना पडदा आहे, चित्रपटगृहाचा. तुम्ही माझ्याकडे टक लावून पाहता, तेव्हा मीही तुमच्याकडे पाहत असतो, हे तुमच्या कधी मनातही आलं नसेल. चित्रपट माझ्या अंगावरून धावतो. कोण पडलं, कोण पळालं, ते मला उजेडाच्या हालचालीवरून आणि आवाजावरून कळतं. पण नीट दिसतात ते अंधारात बसलेले चेहरे. माझं सगळं आयुष्य चेहरे पाहण्यात गेलं.

जाड कापडाचे पट्टे जोडून मला शिवलं, वर पांढरा रंग चढवला आणि मग अंगभर बारीक भोकं पाडली. माझ्यामागे ठेवलेल्या कर्ण्यांचा आवाज त्यांतूनच तुमच्यापर्यंत येतो. मला टांगलं त्या दिवशी मालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय झकास दिसतोय हो!" त्या एका कौतुकावर मी बरीच वर्षं काढली. चित्रपट दाखवायचं मशीन चालवायला त्यांचे थोरले भाऊ होते. त्यांना सगळे मामा म्हणत, मालकीणबाईंचे यजमानसुद्धा.

एकदा छताची फळी निसटून माझ्या पोटात घुसली आणि मी टराटरा फाटलो. तेव्हा मला शिवायला कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आल्या. शिडीवर उभ्या राहून त्यांनी इतके बारीक टाके घातले की मामांनाही फाटलेली जागा शोधावी लागे. त्यांचा नवरा नावाडी होता. युद्धात नदीपलीकडे अडकलेल्या सैनिकांना तो नावेतून अलीकडे आणत असे. शेवटच्या खेपेहून मात्र तो परतला नाही.

त्यांचा मुलगा लहानपणी पहिल्या रांगेत बसायचा आणि पडद्यावर तोफ उडायच्या आधीच तोंडाने "धडाम" करायचा. म्हणून त्याचं नाव पडलं धडाम्या. हा धडाम्या मोठा होऊन चक्क दिग्दर्शक झाला. आणि एके दिवशी चित्रपटगृहात बातमी आली, की तो नदीच्या त्या लढाईवर चित्रपट काढतोय, आणि त्यात एक नाही, दोन नाही, तब्बल सात मोठे नायक आहेत!

मित्रांनो, नुसत्या जाहिरातीनेच लोक वेडे झाले होते. पोस्टरवर सात चेहरे एकमेकांना खेटून उभे होते आणि त्यांच्या हनुवट्यांखाली उरलेल्या जागेत बोटभर नदी. एरवी आमच्याकडे रिकाम्या खुर्च्यांवर शेवाळ यायचं तेवढं बाकी होतं. मालकीणबाई मामांना म्हणाल्या, "दादा, हा चालला तर आपण तरलो. नाही चालला, तर दाराला कुलूप."

पहिल्या खेळाला मुंगीलाही जागा नव्हती. मधल्या रांगेत धडाम्या आईला घेऊन बसला. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. पहिला नायक आला तशा शिट्ट्या वाजल्या. दुसऱ्याला टाळ्या पडल्या. सातवा येईपर्यंत मात्र लोकांचे हात दुखायला लागले होते, आणि गोष्ट अजून दारातच उभी होती.

मग लढाई सुरू झाली. माझ्या अंगावर आगीचे लोळ उठले, मागचे कर्णे असे गर्जले की माझी शिवण थरथरली. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मी मनाशी म्हटलं, आता या चेहऱ्यांवर भीती येईल, लोक खुर्चीचे हात घट्ट धरतील. पण चेहरे कोरडेच. कुणी जांभई देत होतं, कुणी शेजारच्याला विचारत होतं, "यातला मरणार कोण?" शेजारी म्हणाला, "कोणी नाही रे. सगळ्यांनी सारखेच पैसे घेतलेत."

तेवढ्यात मोठा स्फोट झाला. धूर विरला आणि त्यातून सातही नायक एका ओळीत चालत बाहेर आले. केस जिथल्या तिथे, कपड्यांना इस्त्री. एक पोरगी मोठ्यांदा म्हणाली, "अगंबाई, यांना चिखलसुद्धा लागला नाही!"

आणि सगळं चित्रपटगृह हसलं.

मी सुन्न झालो. विनोदाला हसलेले चेहरे मी पुष्कळ पाहिले होते, पण युद्धाला हसलेले कधी पाहिले नव्हते. त्या हसण्याच्या लाटेत दोनच चेहरे दगडासारखे होते. एक धडाम्याचा. दुसरा त्याच्या आईचा.

खेळ संपला. लोक कुरकुरत बाहेर पडले. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाळा, यात तुझे बाबा कुठे होते?"

"होते ना आई. ती नाव आली बघ, धुक्यातून. पाठमोरा माणूस वल्हवत होता..."

"ती? ती तर पापणी लवायच्या आत गेली."

धडाम्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. "काय करू गं? आधी सगळी गोष्ट त्यांचीच होती. पण पैसे लावणारे म्हणाले, नावाड्याला बघायला कोण येणार? मोठी नावं आणा. मोठी नावं आली. मग प्रत्येकाला दुसऱ्याइतकाच वेळ हवा. एकाला मरण दिलं, तर दुसरा म्हणे, मलाही द्या, पण त्याच्यापेक्षा मोठं. शेवटी कुणालाच मारलं नाही. आणि घाबरायला तर एकही तयार नव्हता."

"एवढे सगळे न घाबरणारे," बाई म्हणाल्या, "मग लोकांनी काळजी कुणाची करायची?"

धडाम्या उठला. तो तडक शहराला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे तर बोटांवर मोजण्याइतके लोक. पण मला चकित केलं ते शिवणकामवाल्या बाईंनी. त्या रोज येत. त्याच खुर्चीत बसत, धुक्यातून ती नाव येऊन जाईपर्यंत थांबत आणि मग पदर सावरत निघून जात.

शेवटच्या दिवशी तर त्या एकट्याच होत्या. मामांनी मशीनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वहिनी, तुमच्या एकटीसाठी चालवू?"

"चालवा भाऊजी. नाव जाईपर्यंतच."

चित्रपट सुरू झाला, आणि अंधारात मागचं दार उघडलं. धडाम्या होता. मालकीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं. तो आईशेजारी येऊन बसला. धुकं आलं. नाव आली. पाठमोरा माणूस ताठ बसून ऐटीत वल्हवत गेला.

"असे नव्हते तुझे बाबा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्या नावेतून वाचलेला एक सैनिक नंतर घरी आला होता. तो सांगत होता, की प्रत्येक खेपेला नाव सोडताना तुझ्या बाबांचे हात लटलट कापायचे. वल्हं धरवत नसे. काठावर उलटीसुद्धा झाली होती त्यांना. आणि तरी ते पुन्हा नाव ढकलायचे."

धडाम्याला धक्काच बसला. "बाबा घाबरायचे? मी तर त्यांना पहिल्यापासून निधड्या छातीचं लिहिलं! आई, तू हे कधी बोलली नाहीस?"

"तू त्या लढाईबद्दल जगभर विचारत फिरलास," बाई म्हणाल्या. "मला कधी विचारलंस?"

तो हमसून हमसून रडायला लागला. माझ्या अंगावर सात नायक गोळ्या झाडत होते, पण त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हतं. बाईंनी मुलाचं डोकं खांद्यावर घेतलं आणि लढाईच्या त्या रात्री काठावर काय काय झालं, ते सांगू लागल्या. मामांनी मशीन बंद केलं. तरी त्या सांगतच राहिल्या. मित्रांनो, माझ्यावर उजेडाची एक तिरीपही नव्हती, आणि दारापाशी उभ्या मालकीणबाईंनी मात्र शेजारच्या खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

त्यानंतर आमच्या दाराला कुलूप लागलं. आता मी गुंडाळी होऊन कोठारात पडलोय. अंगावर धूळ आहे, एक कोपरा उंदरांनी कुरतडलाय. कधी बाहेर काढलंत, तर जपून उलगडा मला. धूळ पुसा किंवा पुसू नका. पण कुणा शूर माणसाची गोष्ट सांगायला घ्याल, तेव्हा एवढं ऐका माझं: त्याची भीती तेवढी पुसू नका.