सगळा मजकूर

"या नोटिशीला काय उत्तर देऊ, ताई?" वहिनीने कागद नणंदेपुढे ठेवला. त्यात वहिनीला निष्काळजी ठरवलं होतं.

वहिनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. महिन्यापूर्वी तिथला कॉम्प्युटर बसला आणि ज्यांची तपासणी पुन्हा करायची होती त्यांची यादी एका बायनरी फाइलमध्ये अडकली. उघडावी तर नुसती अगम्य चिन्हं. अशा फाइलमधून वाचता येणारा मजकूर उपसून काढणारी एक आज्ञा टाइप करून वहिनीने नमुन्यांचे क्रमांक मिळवले. एकसष्ट आले, एकसष्ट जणांना तिने बोलावलं. यादीत होते सत्तर. राहिलेल्या नऊ जणांपैकी एक निवृत्त शिक्षिका चुकीच्या रिपोर्टवर औषध घेत राहिल्या आणि दवाखान्यात पोचल्या.

"मॅन्युअल वाचूनच केलं मी. त्यात लिहिलंय, फाइलमधला सगळा मजकूर दिसतो."

नणंदेला ते वाक्य तोंडपाठ होतं. प्रयोगशाळेला कॉम्प्युटर पुरवणाऱ्या तिच्याच कंपनीचं ते होतं आणि मॅन्युअल लिहिणं हीच तिची नोकरी. सलग चारपेक्षा कमी अक्षरं किंवा आकडे असले तर ती आज्ञा ते गाळते. वेगळं सांगितलं तरच दाखवते. नऊही क्रमांक तीन आकडी होते. हे सगळं तिने वर्षापूर्वीच स्पष्ट लिहून दिलं होतं. साहेबांनी त्यावर लाल रेघ मारून शेरा लिहिला होता, 'काढा. ग्राहक बिचकतात.' आणि तिने मुकाट्याने काढलं होतं. आता तिच्या अंगाची लाही लाही झाली.

सकाळी ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकू."

"तळटीप नाही. पहिलंच वाक्य. आणि आजच."

"घरची भांडणं ऑफिसात आणू नका."

"वहिनी घरची आहे. दवाखान्यातल्या बाई माझ्या कोणी नाहीत."

"आज बदललं तर चूक आपली होती असा अर्थ निघेल."

"होतीच."

साहेबांनी मान स्क्रीनकडे वळवली. ती जागेवर आली. चूक मॅन्युअलची आहे, असं पत्र तिने दोनदा खोडून लिहिलं. सोबत लाल रेघेचा जुना मसुदा जोडून तिने ते प्रयोगशाळेच्या प्रमुखांना पाठवलं आणि एक प्रत साहेबांनाही. चोरून काही करायचं नव्हतं.

आठवड्याभरात वहिनीची नोटीस मागे घेतली गेली. मॅन्युअलचं पहिलं वाक्य बदललं. नणंदेची बदली मात्र खोक्यांवरची लेबलं तपासायला झाली.

रविवारी ती दवाखान्यात गेली आणि शिक्षिकाबाईंना सगळं सांगितलं.

"म्हणजे वर्षभर तुम्हाला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग तेव्हा का नाही भांडलात?"

बाई बराच वेळ बोलत राहिल्या, एकेक शब्द तोलून, आवाज न चढवता. ती स्टुलावर बसून ऐकत राहिली.