धाकटीचं नाक

माझी धाकटी बहीण सरकारी प्रयोगशाळेची प्रमुख झाली. तिथली पहिलीच बाई! वडील गल्लीभर सांगत सुटले, "पोरीनं घराण्याचं नाक राखलं!" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हुशार मीही होते. पण एकीलाच शिकवायचं ठरलं, आणि मेला स्वयंपाक मला येत होता.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. पेल्यातल्या दुधावरून प्रयोगशाळेतल्या सवयीनं तिनं हातानंच वास नाकाकडे ओढला आणि हळूच म्हणाली, "ताई, ॲसिडच्या वाफांनी मला आता कसलाच वास येत नाही. कुणाला सांगू नकोस हं. हे दूध आंबलंय का गं?"

आंबूस वास मला दारातूनच आला होता.

"ताजं आहे," मी म्हटलं. "पी."