अर्जात न लिहिलेले वाक्य

चैत्र-वैशाखाच्या उन्हात धुळे शहर दुपारी अगदी मौन धरते. त्यात न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागलेली. तातडीच्या कामांपुरत्या एक न्यायाधीश मागे राहिल्या होत्या आणि वकीलमंडळींपैकी मागे राहिले होते वयोवृद्ध योगराजनाना. विधी सेवा प्राधिकरणाकडून येणारी निर्धन पक्षकारांची कामे नाना सुट्टीतही घेत. कोणी नवल केले तर म्हणत, "यमराज सुट्टीवर गेले की मीही जाईन."

आखाजी, लेकी माहेरी येण्याची खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली असताना पिंपळनेरकडची सुंदरबाई त्यांच्या ओसरीवर येऊन बसली. तिचा नवरा रुपचंद. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत एक मनुष्य दगावला आणि त्या खटल्यात रुपचंद वर्षभर कच्चा कैदी म्हणून तुरुंगात होता. आता तुरुंगातून त्याला सरकारी दवाखान्यात हलवले होते. सुंदरबाईने पदराच्या गाठीतून डॉक्टरांचा दाखला काढून दिला. यकृताचा कर्करोग सर्वत्र पसरलेला. उपाय खुंटलेले, वेदना शमवणे तेवढे हाती. दिवस थोडे.

नानांनी चष्मा उतरवला. "अक्का, अर्ज अगदी सरळ आहे. या माणसाचा अंतकाळ जवळ आहे, त्याला आपल्या घरी डोळे मिटू द्या, एवढेच मागायचे. कोणता न्यायाधीश नाही म्हणेल?"

"तेच लिखू नका नाना!" सुंदरबाईने हात जोडले. "कोर्टमा त्यास्ले टीव्हीवर दखाडतस ना? तठे कोनी वाची दखाडं तं त्यास्ना कानवर जाई. त्यास्ले वाटस, कावीळ शे. आखाजीले घर जासू, पोर दिपमाला सासरथीन ई, तिले निंबले झोका बांधी दिसू, असं रोज म्हनतस."

"पण रोग झाकला तर न्यायाधीश काय पाहून सोडतील?"

"तुम्हीन इतला मोठा वकील! मना सासरा लगीनमा दोन एकर खडकले बागायत म्हने, आन् मना बाप मानी गया. तुम्हले इतलं बी गोड लिखता येत नही का?"

नानांना हसू आले आणि ते हसू पुरते उमटण्याआधीच बाई रडू लागली.

अप्रिय सत्य ओठांवर आणताना दहा वेळा थांबावे, ही नानांच्या घराण्याची शिकवण. वडिलांनी संथा देता देता ती त्यांच्या जिभेत रुजवली होती. त्या दिवशी ती लेखणीतही उतरली. त्यांनी लिहिले: 'अर्जदार यकृताच्या गंभीर विकाराने पीडित असून त्यास कुटुंबीयांच्या शुश्रूषेची नितांत आवश्यकता आहे.' दाखला त्यांनी अर्जाला जोडला नाही. न्यायाधीशांच्या दालनात जाऊन तो एकांती दाखवावा, म्हणजे काम होईल आणि आशाही मोडणार नाही, असा त्यांचा विचार होता.

न्यायाधीश परजिल्ह्यातून नव्याने आलेल्या, नियमाला पक्क्या होत्या. दाराशीच त्यांनी सांगितले, "सरकारी वकिलांच्या माघारी मी एका बाजूचे काही पाहणार नाही, वकीलसाहेब. जे असेल ते समोर मांडा." त्यात गैर काहीच नव्हते. नाना दाखला पिशवीत ठेवून परतले.

सुनावणी सुरू झाली आणि दवाखान्यातून रुपचंद पडद्यावर दिसू लागला. न्यायाधीशांपुढे गबाळे बसणे म्हणजे बेअदबी, या समजुतीने त्याने पहाऱ्यावरच्या पोलिसाच्या विनवण्या करून दाढी करवून घेतली होती. ओले केस चापून बसवले होते. सदऱ्याची गळ्यापर्यंतची गुंडी लावली होती. उशीला न टेकता, पाठ ताठ ठेवून, हात जोडून तो बसला होता. चेहरा पिवळा होता खरा, पण त्या पडद्यावर सगळेच पिवळे दिसत.

सरकारी वकील म्हणाले, "उपचार चालू आहेत, दवाखाना सरकारी आहे. अर्जदार आपल्यासमोर व्यवस्थित बसलेला दिसतो आहे."

न्यायाधीशांनी अर्ज पुन्हा वाचला. मग मान वर करून विचारले, "वकीलसाहेब, हा आजार बरा होण्याजोगा नाही, असे आपले म्हणणे आहे का?"

याहून मोठे दार कोणता न्यायाधीश उघडतो? नानांचा हात पिशवीत गेला, दाखल्याला लागला. त्यांनी पडद्याकडे पाहिले. उत्तर नीट ऐकू यावे म्हणून रुपचंद पुढे झुकला होता. मागच्या बाकावर सुंदरबाई बसली होती.

"घरच्यांच्या हातची शुश्रूषा मिळाली तर त्याला बरे वाटेल," नाना म्हणाले, "एवढेच म्हणणे आहे."

न्यायाधीश क्षणभर थांबल्या, जणू उरलेले वाक्य येईल. ते आले नाही. "सुट्टीनंतर दवाखान्याचा अहवाल मागवून निर्णय करू."

पडद्यावरून रुपचंदाने न्यायाधीशांना वाकून नमस्कार केला.

बाहेर पायऱ्यांवर नाना म्हणाले, "अक्का, चुकले माझे. आता दाखला जोडून नवा अर्ज करतो."

सुंदरबाई पायरीवरच बसली. "नही नाना. ते घर नही ऊनात तं नही ऊनात. पन आस तुटाले नको."

पक्षकाराच्या घरच्यांच्या मनाविरुद्ध वकिलाने पाऊल टाकू नये, अशी नानांची समजूत. दुसऱ्या दिवशी नानांनी पुन्हा विचारले, तिसऱ्या दिवशीही विचारले. तिचे उत्तर बदलले नाही.

आखाजीची सकाळ उजाडली. घरोघर पितरांच्या घागरी भरल्या जात होत्या. नाना सोवळे नेसून घागरीत पाणी ओतत होते, तोच सुंदरबाई दारात उभी राहिली. केस सुटलेले, पायात काही नाही.

"रातले त्यास्नी माले वळखं नही. लिखा नाना. बठ्ठं लिखा."

नानांनी तांब्या खाली ठेवला आणि सर्व काही लिहिले. सरकारी वकिलांना दूरध्वनी केला. ते भले गृहस्थ जेवणाचे पान सोडून न्यायाधीशांच्या निवासस्थानी आले आणि आपली हरकत नाही असे लिहून दिले. न्यायाधीशांनी दाखला आरंभापासून अंतापर्यंत वाचला.

"हा त्या दिवशी का नव्हता?"

"तो ऐकत होता," नाना म्हणाले. "त्याला ठाऊक नव्हते."

"मग मला तेवढे सांगायचे. पडदा बंद करायला कितीसा वेळ लागतो?"

आयुष्यभर न्यायालयात बोललेल्या नानांना इतकी साधी विनंती सुचली नव्हती. जामीनदाराची अट न घालता, केवळ जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश त्यांनी तिथेच लिहून दिला.

सोपस्कार उरकून नाना दवाखान्यात पोहोचले तेव्हा रुपचंद शुद्धीवर आला होता. सुंदरबाई आनंदली. पण डॉक्टरांनी नानांना बाजूला घेतले. "पिंपळनेर दूर राहिले, अलीकडची साक्रीसुद्धा गाठणार नाही. वाटेतच जाईल. आता हलवू नका."

पहाऱ्यावरच्या पोलिसाने आदेश पाहिला, आपली खुर्ची उचलली. "चाला रुपचंदभाऊ, मोकळा व्हयनात तुम्ही. आते दाढी करी देवाले दुसरा कोनी दखा!"

रुपचंद हसला. मग त्याची नजर रिकाम्या दाराकडे गेली.

"नाना, माले सोडं?"

"सोडले."

"आखाजीना दिन? सुट्टीमा?" त्याने पुन्हा दाराकडे पाहिले. "आन् तरी माले गाडीमा कोनी घालत नही." मग हळूच म्हणाला, "मी जास ना?"

सुंदरबाईने नानांकडे पाहिले. या वेळी नानांनी तिच्याकडे पाहिले नाही.

"हो, रुपचंद."

त्याने डोळे मिटून घेतले. पापण्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळले. काही वेळाने त्याने बायकोकडे मान वळवली. "तुले ठाऊक व्हतं?"

"नही," सुंदरबाई म्हणाली. "माले बी आतेच समजनं."

रुपचंदाने हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. "रडू नको. तुले कोनी सांगं नही, त्यामा तुना काय दोष? मी शे ना आजून." आणि आवाज होता तोवर तो तिची समजूत घालीत राहिला: दिपमालाला कोण आणील, झोक्याचा दोर कुठे टांगला आहे, निंबाची कोणती फांदी पक्की आहे. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवीत होती.

नाना खाटेच्या पायत्याशी उभे होते. बसायला पोलिसाची खुर्चीही आता तिथे नव्हती.