‘नाही’ म्हणायची तालीम

मुक्ताईंच्या तोंडून ‘नाही’ कधी कुणी ऐकलं नव्हतं. वास्तुपुरुष सारखा ‘तथास्तु’ म्हणत असतो, तेव्हा घरात अभद्र बोलू नये, ही आईची शिकवण त्यांनी व्रतासारखी पाळली होती. त्यांच्याकडे तांदूळ संपत नसत, ‘वाढत’. बांगडी फुटत नसे, ‘वाढे’. कुणाकडून निघताना त्या ‘जाते’ म्हणत नसत, ‘येते’ म्हणत. अर्धांगवायूनं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हासुद्धा म्हणाल्या, “डावं आहे की!”

या डाव्या अंगाच्या भरवशावर त्यांना नारायण पेठेत पुन्हा दारोदार फुलपुड्या पोचवायच्या होत्या. सरकारी योजनेतून एका हातानं चालणारी बॅटरीची तीनचाकी मिळत होती. फक्त चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा होता.

पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, “बटण लावता येतं?”

“येतं की.”

“जिना?”

“चढते. देवाची कृपा.”

दाखला आला तीस टक्क्यांचा. अर्ज नामंजूर.

“आत्या, बटणं रोज मी लावते! जिना तू बसून बसून उतरतेस!” ऋतुजानं, त्यांच्या भाचीनं, कपाळाला हात लावला. “कृपा टक्क्यांत मोजत नाहीत गं.”

तिनं अपील केलं. तारीख आली, तशी घरात तालीम सुरू झाली.

“बटण लावता येतं?”

“तू लावतेस ना, छान लावतेस.”

“नाही म्हण, आत्या!”

“आणि तो तथास्तु म्हणाला तर?”

“हॉस्पिटलचा वास्तुपुरुष दिवसभर दुखणीच ऐकतो. कान किटले असतील त्याचे.”

“पण खोटं कसं बोलू?”

“खोटं मागच्या वेळी बोललीस. तेही देवाचं नाव घेऊन.”

मुक्ताईंचा डावा हात आपसूक कानाच्या पाळीला गेला. त्या संध्याकाळी देवापुढं त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या.

फेरतपासणीच्या खोलीवर पाटी होती : ‘सोबतच्यांनी उत्तरे देऊ नयेत. रुग्णास तोंड आहे.’ ऋतुजा ओठ घट्ट मिटून कोपऱ्यात उभी राहिली. डॉक्टर तरुण होते.

“आजी, हाताचं काय?”

मुक्ताईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकाशी येऊन अडला.

“हात... वाढलाय,” त्या म्हणाल्या.

“वाढलाय? सूज आहे?” डॉक्टर हात दाबून, उलटासुलटा करून बघू लागले. “कधीपासून सुजलाय?”

ऋतुजानं डोळे मिटून घेतले. डॉक्टर ‘सूज’ लिहायला लागले, आणि मुक्ताई खुर्चीत ताठ झाल्या. कागदावर पुन्हा खोटं?

“नाही!”

वर काही कोसळलं नाही. पंखा फिरत होता.

“सूज नाही,” त्या हळूच म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, “बटण लागत नाही. तांब्या उचलवत नाही. जिना चढवत नाही. वेणी घालता येत नाही. निरांजन धरवत नाही हो, ते मात्र फार लागतं मनाला...”

डॉक्टर भराभर लिहीत होते. मग त्यांनी हात-पाय नीट तपासले, चालवून बघितलं. “पुरे, आजी, कागद भरला!” ते हसले. “आता परत यायला लागणार नाही.”

मुक्ताई उठल्या, नमस्कार केला आणि सवयीनं म्हणाल्या, “येते.”

पुढच्या आठवड्यात मोबाइलवर निकाल आला, तशी ऋतुजा मंडईतून धावतच आली. जिन्यातूनच तिनं आरोळी ठोकली, “आत्या, पंचावन्न! पंचावन्न टक्के! गाडीचा अर्ज मंजूर!”

खालच्या जोशीकाकांनी दार उघडून विचारलं, “पंचावन्न? कुठल्या परीक्षेत?”

“नाही म्हणायच्या!”

मुक्ताईंना हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी डाव्या हातानं पुसत त्यांनी देवाला दिवा लावला.

“आधी तोंड गोड करू. साखरेचा डबा कुठंय?” ऋतुजानं विचारलं.

“साखर वाढलीय,” मुक्ताई म्हणाल्या. “आज तू आण. गाडी आली की मी आणीन.”