भिंतीपलीकडं जाणारा झोका

आमच्या चिकलठाण्याच्या कॉलनीत प्लॉट असे चिकटून पाडलेत, की शेजारच्या कुकरच्या शिट्टीवर आपण गॅस बंद करावा. अशा जागेत शेजारच्या आप्पासाहेबांनी मागच्या अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधायला घेतला. नागपंचमीला त्यांची लेक मोनिका पुण्याहून येणार होती. झोका नातीसाठी, छोट्या संस्कृतीसाठी, असं ते गल्लीभर सांगत. खरी गोष्ट त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, मला भिंतीवरून सांगितली.

"मोनिका ल्हान होती तवा दर पंचमीला म्हणायचे, पुढच्या साली बांधतो. अन् पंचमीलाच नेमकी कंपनीत शिफ्ट! पोरगी नांदायला गेली, झोका ऱ्हायलाच. आता घेतलंय मनावर."

आप्पासाहेब मूळचे वैजापूरकडचे. त्यांच्या गावात झोका किती उंच जातो, ही घराच्या इज्जतीची बाब. त्यांनी बैलगाडीत कडबा आवळायचा नाडा, म्हणजे जाड दोर, गावाहून आणवला. सागवानी फळीला रंधा मारमारून इतकी गुळगुळीत केली, की माशीसुद्धा बसायच्या आधी विचार करील. फांदीला काच बसू नये म्हणून नाड्याखाली गोणपाट गुंडाळलं. एखादी तरी खोड काढावी म्हणून मी बराच वेळ भिंतीला टेकून उभा होतो. सापडेना. मन खट्टू झालं.

तेवढ्यात खोड आपणहून निघाली. लांबी त्यांनी गावच्या झोक्याची घेतली होती आणि अंगण कॉलनीतलं होतं. फांदी आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीला समांतर, म्हणजे झोक्यावरचा माणूस सरळ माझ्याकडं येणार. पहिला मान ज्वारीच्या पोत्याला मिळाला. पोतं ऐटीत निघालं, भिंतीच्या माथ्याला धडकलं, फाटलं, आणि अर्धी ज्वारी माझ्या कोथिंबिरीत येऊन पडली.

कुणीच हसलं नाही. पोत्याच्या जागी तिघांनाही पोरीचे गुडघे दिसले.

"आवो, नाडा आखूड करा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पाळण्यावानी हलला तरी बास."

"पाळणा तिला बारशालाच हलवलाय. पंचमीचा झोका म्हनलो व्हतो मी." आप्पासाहेबांनी शिडी ओढली. "सोडून टाकतो. आमच्या नशिबातच नाय."

ते दोन पायऱ्या चढले, तेव्हा मी विचारलं, "आप्पासाहेब, ही भिंत कुणाची?"

"अर्धी तुमची, अर्धी माझी. का वं, नाना?"

"माझी अर्धी वरची समजा. ती मी पाडतोय."

ते शिडीवरच थांबले. "चेष्टा करता का गरिबाची?"

"छन्नी-हातोडा द्या, मग बोला."

भिंत आप्पासाहेबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. त्यामुळं वरच्या विटा काढताना मला माझे सगळे पूर्वज भेटून गेले. इतकं पक्कं काम मी सरकारी पुलाचंही पाहिलेलं नाही. शेवटी आप्पासाहेबांनीच हातोडा घेतला आणि माझी अर्धीही त्यांनीच पाडली. दुसरं पोतं मात्र माझ्या अंगणावरून हिंडून सुखरूप परत गेलं.

पंचमीला मोनिका आली. झोक्यासमोर उभी राहिली आणि फळीवरून हात फिरवू लागली. संस्कृती फळीकडं धावली, तसं आप्पासाहेबांनी तिला उचलून कडेवर घेतलं.

"मोने, आधी तू बघ गं. लेकराला बसवायचंय, पक्का हाय का नाय ते बघाया पाहिजे."

मोनिकानं पदर खोचला, फळीवर उभी राहिली, गुडघ्यात वाकून एक हिसका दिला, आणि थोड्याच वेळात माझ्या अंगणावर आली.

"नानाकाका, काकू..." गेली.

"...बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत," मी पुढच्या फेरीला सांगितलं.

ती खिदळत होती. संस्कृतीनं इकडं भोकाड पसरलं. "आजोबा, माझा नंबर! आई उतरतच नाहीये!"

"थांब गं बाई," आप्पासाहेब झोक्यावरची नजर न काढता म्हणाले. "तुझ्या आईचा नंबर लई दिसांचा ऱ्हायलाय."

आणि मोनिका मागं आली, तशी त्यांनी फळीला मोकळ्या हातानं अजून एक रेटा दिला.